चौदा नंबरचा निळा दोरा

दुधाचं पातेलं एके दिवशी सकाळी गॅसवरून उतरलं, ते दुधासाठी पुन्हा कधी चढलंच नाही. त्यात ट्रान्सफॉर्मर उकडला होता. बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला काड्यापेटीएवढा ट्रान्सफॉर्मर, पंधरा मिनिटं खळखळत्या पाण्यात. स्वयंपाकघरभर व्हार्निशचा उग्र वास सुटला आणि पातेल्याच्या आत पिवळट पुट बसलं, ते घासून घासून हात दुखले तरी निघालं नाही. कोणाला वाटेल, नवऱ्याच्या खुळापायी बिचारीचं पातेलं गेलं. पण उकडायची युक्ती तिचीच होती.

झालं होतं असं, की नवऱ्याला पॉवर सप्लाय नव्याने बांधायचा होता. कॉम्प्युटरचा सप्लाय ठरावीक व्होल्ट देतो, फार तर बारा. त्याला हवा होता बटण फिरवून शून्यापासून चोवीसपर्यंत नेता येईल असा, टेबलावर ठेवून कसलंही यंत्र तपासता येईल असा. त्यासाठी आतला ट्रान्सफॉर्मर सोडवून त्यावर तारेचे नवे वेढे घालावे लागतात. ट्रान्सफॉर्मरचा गाभा दोन तुकड्यांचा, व्हार्निशने चिकटवलेला आणि खापरासारखा ठिसूळ. पहिल्या सप्लायचा गाभा नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला. त्याचे चार तुकडे झाले. तेव्हा तो म्हणाला, मालच हलका होता. दुसरा सप्लाय भंगारवाल्याकडून आला, तेव्हा तिने तो ट्रान्सफॉर्मर त्याच्या हातातून मुकाट्याने काढून घेतला आणि पातेल्यात टाकला. व्हार्निश मऊ पडल्यावर फडक्यात धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवलं, आणि गाभा टवकाही न उडता दोन भागांत निघाला.

"मी हेच सांगणार होतो," नवरा म्हणाला.

नवऱ्याला सगळी गल्ली 'डिप्लोमा' म्हणायची. तरुणपणी त्याने विजेचा डिप्लोमा केला होता आणि तो काचेच्या चौकटीत बैठकीच्या भिंतीवर लावला होता. पुढची तेहतीस वर्षं त्याने कंपनीच्या स्टोअरमध्ये खिडकीतून स्क्रू, वायर आणि बल्ब मोजून दिले आणि सह्या घेतल्या. डिप्लोमावरची धूळ बायकोने पुसली. माणूस वाईट नव्हता. मारझोड नाही, व्यसन नाही, जेवणाला नावं ठेवणं नाही. फक्त उंटावरून शेळ्या हाकायची सवय हाडीमासी भिनलेली होती, आणि निवृत्तीनंतर शेळ्याही उरल्या नव्हत्या. घरात बायको तेवढी होती.

ती त्याच कंपनीत वाइंडिंगला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर तारेचे वेढे घालायच्या कामाला होती. एकोणीस वर्षं, टेबल नंबर चौदा. तिथे बायकांना नावाने कोणी हाक मारत नसे. मुकादम म्हणायचा, 'चौदा नंबर, दोनशे नग,' आणि संध्याकाळपर्यंत दोनशे नग तयार असायचे. प्रत्येकीला एकेका रंगाचा दोरा दिलेला. ट्रान्सफॉर्मरवर शेवटची पट्टी गुंडाळायच्या आधी तिच्याखाली आपल्या दोऱ्याचा बोटभर तुकडा ठेवायचा. तिचा रंग निळा. नग जळून परत आला की मुकादम पट्टी सोलायचा, दोरा बघायचा आणि त्या रंगाच्या बाईला सगळ्यांसमोर उभं करायचा. जो नग चांगला निघाला, त्याची पट्टी कोणी कशाला सोलेल? तो गिऱ्हाइकाच्या घरी वर्षानुवर्षं मुकाट चालायचा. एकोणीस वर्षांत निळा दोरा तीनदा निघाला. बाकीचे हजारो नग कोणाचे, ते कोणालाच माहीत नाही.

एक गोष्ट मात्र त्या जागेत चांगली होती. वेढे मोजणारं यंत्र येण्याआधी मोजणी तोंडाने चालायची, आणि मोजणाऱ्या बाईशी कोणी बोलायचं नाही असा नियम होता. मॅनेजर आला तरी ती मान वर न करता 'मोजणी चालू आहे' म्हणायची, आणि मॅनेजर गप उभा राहायचा. उभ्या आयुष्यात तिच्यासाठी माणसं गप्प बसली, ती तेवढीच. मग यंत्र आलं. आधी मोजणी गेली, मागून टेबलं गेली, आणि त्यांच्या मागून बायका गेल्या.

आता ज्यासाठी पातेल्याचा बळी गेला ती गोष्ट. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी दुरुस्ती मंडळ भरायचं. लोक बिघडलेले पंखे, रेडिओ, इस्त्र्या घेऊन यायचे आणि जाणकार मंडळी ते सगळ्यांसमोर उघडून दुरुस्त करायची. मंडळ चालवणारे होते एक निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. डिप्लोमा तिथे दर रविवारी न चुकता जायचा. ती एकदाच गेली होती, इस्त्री घेऊन, आणि तिथल्या फळ्यावर तिने कागद वाचला: वाइंडिंगचा वर्ग सुरू करायचा आहे, शिकवणारी व्यक्ती हवी, स्वतः केलेलं काम आणून दाखवावं.

तो कागद वाचला आणि तिच्या बोटांना मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "अहो, तो वर्ग मी घेऊ शकेन."

"तू?" डिप्लोमा हसला. पण वाईट हसला नाही. "चार लोकांत बोलायचं असतं तिथे."

"वाइंडिंगमध्ये बोलायचं कमीच असतं."

"आणि दाखवणार काय? तुझ्याकडे एक तरी नग आहे का स्वतःचा?"

नव्हता. एकोणीस वर्षांतला एकही नव्हता. मग त्यानेच तोड काढली. "असं कर. माझा सप्लाय ट्रान्सफॉर्मरपाशीच अडलाय. तू वेढे घाल. सप्लाय झाला की मी मंडळात नेतो, चालवून दाखवतो आणि सगळ्यांसमोर सांगतो, वाइंडिंग आमच्या हिचं. तुझं काम झालं."

तिला ते पटलं. इतकं पटलं की पातेल्याचंही काही वाटलं नाही.

चार दिवस दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी बसली. जुनी तार उलगडताना तिने प्रत्येक थर वहीत लिहून घेतला. आत वीस वेढे, त्यावर बाहेर जाणाऱ्या विजेचे जाड तारेचे वेढे, त्यावर पुन्हा वीस, मध्ये तीन-तीन पदरी पिवळी पट्टी. जाड तारेचे मूळ सात होते, गरजेपेक्षा थोडे जास्तच. चोवीस व्होल्टसाठी तिने हिशोब करून बारा धरले, दोन्ही बाजूंना बारा-बारा. डिप्लोमाने त्याच हिशोबाला पुस्तक काढलं. दोन तासांनी त्याचंही उत्तर बाराच आलं, तेव्हा त्याने तिला बारा घालायची परवानगी दिली. तार ताणून धरायची ती किती, हे सांगता येत नाही; अंगठ्याला कळतं. तिच्या अंगठ्याला ते अजून कळत होतं, याचा तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. शेवटची पट्टी गुंडाळायच्या आधी तिने शिवणाच्या डब्यातून निळा दोरा काढला, बोटभर कापला आणि आत ठेवला. तिथे मुकादम नव्हता, सक्ती नव्हती. तरी ठेवला.

बाकीचं काम डिप्लोमाचं. त्याने ट्रान्सफॉर्मर सर्किट बोर्डावर बसवला, बटण लावलं, पुढे आकडे दाखवणारा छोटा मीटर लावला, डब्याला काळा रंग दिला. तो झाकण लावायला निघाला तेव्हा ती शेजारी उभी होती. आत, वीज बाहेर पडते त्या बाजूला, वीज साठवणारे चार कपॅसिटर उभे होते, आधीचेच. तिने वाकून त्यांच्या अंगावरचा आकडा वाचला.

"अहो, ह्यांच्यावर सोळा व्होल्ट लिहिलंय. तुम्ही चोवीस काढणार ना?"

"कंपनी नेहमी कमी लिहिते."

"पस्तीसचे घाला. फुटतील."

"तू तुझे वेढे बघ," डिप्लोमा म्हणाला आणि चारही स्क्रू आवळले.

घरी त्याने सप्लाय बारावर चालवला. मोटारीचा दिवा लख्ख पेटला. त्या रविवारी तो नवीन शर्ट घालून, सप्लाय पिशवीत घेऊन मंडळात गेला. ती दुपारपर्यंत दारात तीनदा जाऊन आली. एक वाजता तो आला. तोंड फुललेलं.

"सगळ्यांना भयंकर आवडला. सर म्हणाले, बाजारातला वाटतो."

"आणि माझं?"

"आज गर्दी होती. योग्य वेळ बघून बोलतो."

पुढच्या रविवारी सर घाईत होते. त्याच्या पुढच्या रविवारी सरांनी त्यालाच सांगितलं, की तुम्ही हा सप्लाय बांधायचा वर्ग घ्या, आणि तो घरी आला तो खडूंची पेटी घेऊन. जेवताना भाताचा घास तोंडात असतानाच म्हणाला, "एकदा माझा वर्ग बसला की तुझं नाव सहज निघेल." आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो, ते तिने वाढता वाढता बघितलं. तरी ती गप्प राहिली. तीस वर्षांची सवय अशी एका घासात मोडत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला अजून आशा होती. आशा वाईट असते ती एवढ्याचसाठी.

चौथ्या रविवारी तो लवकर परतला. पिशवी आत नेली आणि जेवून झोपला. संध्याकाळी तिला दिसलं, की पिशवी माळ्यावर जुन्या सुटकेसच्या मागे गेली आहे. विचारलं तर म्हणाला, "थोडं काम आहे त्यात."

मंगळवारी भाजी घेताना सर भेटले. तिला ओळखून ते थांबले, आणि आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका हं."

"काय?"

सर गोंधळले. मग त्यांना सांगावंच लागलं. रविवारी वर्गात डिप्लोमांनी सप्लाय पहिल्यांदाच चोवीसपर्यंत नेला. विसाच्या वर गेल्यावर आत मोठा आवाज झाला, धूर आला, पुढच्या रांगेतल्या बाईच्या चष्म्यावर कागदाचा भुगा उडाला. डिप्लोमांनी प्लग ओढला. सर झाकण उघडणार, तर त्यांनी अडवलं, की आत वीज साठलेली असते, हात घालू नका. ते खरंच होतं. मग कशामुळे झालं असं सगळ्यांनी विचारलं.

"तेव्हा म्हणाले, वाइंडिंग घरी बायकोने केलं होतं, हौसेने, तिथेच घोळ झाला. आणि वर म्हणाले, तिला कळू देऊ नका, वाईट वाटेल तिला." सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "फार जपतात तुम्हाला. आम्ही वाइंडिंगचा वर्गच रद्द केला. हाताने होण्यातलं नाही ते."

ती घरी कशी आली ते तिला आठवेना. भाजी ओट्यावर ठेवली आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढली. नवरा बाहेर गेला होता. दोन दिवस गेले असले तरी तिने आधी डब्यातली उरलीसुरली वीज एका बल्बवर काढली, कारण राग आला म्हणून कामाची रीत सोडायची नसते. मग झाकण काढलं. चारपैकी दोन कपॅसिटरची टोपणं उडाली होती, आतला कागद लोंबत होता. उरलेल्या दोघांच्या अंगावर सोळा हा आकडा स्वच्छ वाचता येत होता. ट्रान्सफॉर्मर होता तसा होता, पट्टी पिवळीधमक, डागसुद्धा नाही.

तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो सप्लाय जळल्याचा नव्हता, तिचं नाव असं निघाल्याचा होता. तीन रविवार तिचं नाव काढायला वेळ मिळाला नाही. फुटल्यावर एका मिनिटात मिळाला. एकोणीस वर्षं मुकादमाने जे केलं, तेच नवऱ्याने केलं होतं. मुकादमाने निदान पट्टी सोलून बघितली होती.

तिने झाकण होतं तसं लावलं आणि डबा माळ्यावर परत ठेवला. रविवारपर्यंत ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. स्वयंपाक केला, चहा केला, त्याचा नवा शर्ट इस्त्री केला. रविवारी तो निघून गेल्यावर अर्ध्या तासाने तिने डबा पिशवीत घातला, शिवणाच्या डब्यातून कात्री आणि वाइंडिंगच्या तारेचं रीळ घेतलं आणि वाचनालयाची वाट धरली.

हॉलमध्ये वीसेक माणसं होती. डिप्लोमा फळ्याजवळ खडू घेऊन उभा. तिला बघून त्याचा हात तसाच वर राहिला. ती सरळ सरांच्या टेबलापाशी गेली आणि डबा ठेवला.

"सर, ह्यातला ट्रान्सफॉर्मर मी केलाय. जळला असेल तर चूक माझी. तुम्ही स्वतः तपासा."

"अगं, घरी बोलू," डिप्लोमा जवळ येऊन हळूच म्हणाला.

"घरी चार आठवडे होते," ती म्हणाली.

सरांनी झाकण काढलं. बघताच त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी ट्रान्सफॉर्मरचे पाय तापवून तो बोर्डावरून सोडवला. तिने नखाने वरची पट्टी सोलली आणि निळा दोरा काढून टेबलावर ठेवला. "ही खूण माझी. कंपनीत नग परत आला की ह्याच्यावरून बाई ओळखायचे."

"आणि परत नाही आला तर?"

"मग नाही ओळखायचे."

सरांनी मीटर लावला. वेढे आपसात भिडलेत का, तार तुटलीय का, सगळं दोनदा बघितलं. चष्मा काढून म्हणाले, "ह्याला काहीच झालेलं नाही. उत्तम काम आहे." मग फुटलेल्या कपॅसिटरकडे बोट केलं. "हे सोळाचे आहेत. चोवीसवर हे फुटणारच." पुढच्या रांगेतल्या बाईने चष्मा पुसला आणि डिप्लोमाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

तिला वाटलं, आता तो मान खाली घालेल. तेवढं झालं असतं तरी ती पिशवी उचलून घरी गेली असती. पण डिप्लोमाने खडूचे हात झटकले आणि हसला.

"बघा. मी तेव्हाच म्हणालो होतो घरी, वाइंडिंगमध्ये दोष निघणं शक्य नाही. शेवटी वेढ्यांचा हिशोब माझा. शेजारी बसून करून घेतलंय एकेक."

सर भला माणूस. त्यांना भांडण नको होतं. त्यांनी दोन्ही हात पसरले. "मग झालं तर. वाइंडिंगचा वर्ग सुरू करू. तुम्ही दोघं मिळूनच घ्या. बोलायचं ह्यांनी, करून दाखवायचं वहिनींनी. काय?"

"चालेल की," डिप्लोमा म्हणाला. "तिला बोलायची सवय नाही."

हॉलमधल्या दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ज्या गोष्टीसाठी तिने पातेलं घालवलं होतं, ती आता तिला मिळत होती. अशी मिळत होती. तिला त्या क्षणी नवऱ्याची जेवढी चीड आली, तेवढी जन्मात आली नव्हती, आणि सरांची त्याहून जास्त आली, कारण सरांनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं.

तिने रीळ काढलं, हातभर तार ओढली, टेबलावर दुरुस्तीच्या पसाऱ्यात पडलेला ट्रान्सफॉर्मरचा रिकामा साचा, ज्यावर वेढे घालतात तो, उचलला आणि दोन्ही नवऱ्याच्या हातात दिलं.

"बारा वेढे घाला," ती म्हणाली. "हिशोब तुमचाच आहे."

"आत्ता?"

"आत्ता. मोठ्याने मोजा." मग ती लोकांकडे वळली. आवाज चढवावा लागला नाही. "मोजणी चालू आहे. कोणी बोलू नका."

हॉल गप्प झाला. सरही गप्प झाले. डिप्लोमाने हसून इकडेतिकडे बघितलं, पण हसणारं कोणी सापडलं नाही. त्याने तारेचं टोक अंगठ्याखाली धरलं. "एक," तो म्हणाला. "दोन." तिसऱ्याला तार सैल पडली, त्याने ती ओढली, पहिला वेढा सरकून दुसऱ्यावर चढला. "तीन. चार." कपाळावर घाम आला. पाचावर साचा हातातून निसटला, तो त्याने पोटाशी धरून सावरला. "सहा. सात."

सातावर तो थांबला. पाचवा घातला होता की नुसताच मोजला होता, ते त्याला कळेना. त्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. तीस वर्षं तो असाच बघत आला होता. पाहुण्याचं नाव विसरला की, औषधाची वेळ विसरली की, स्टोअरमधल्या बेरजेत चुकला की. आणि ती दर वेळी, कोणाला ऐकू जाणार नाही असं, पुटपुटत आली होती.

आताही उत्तर तिच्या ओठांवर होतं. सहाच झाले होते. तिला वाटलं होतं, इथे तरी बरं वाटेल. वाटलं नाही. तिने निळा दोरा टेबलावरून उचलला, बोटाला गुंडाळला आणि तोंड मिटून उभी राहिली.

डिप्लोमा बघत राहिला. वीस माणसं श्वास धरून बसली होती, आणि कोणी बोलत नव्हतं, कारण मोजणी चालू होती.